विठाबाईंच्या वाकळीचं पोट

उदगीरच्या संगमेशअप्पांना लोक पाठीमागं भंगारअप्पा म्हणायचे. तोंडावर म्हणायची छाती एकट्या त्यांच्या बायकोची, रेणुकाबाईंची. माणसानं उभा जन्म एसटी चालवली, पण पगाराबरोबर घरी काय आणलं? देगलूर-बिलोलीच्या गावागावांतून गोळा केलेले जुने लाकडी बैल, घुंगरमाळा, मोडक्या पायाचा शेवयांचा पाट, आणि वाकळी, म्हणजे जुन्या लुगड्यांच्या हातशिवणीच्या गोधड्या. वाकळींवर तर त्यांचा जीवच. कुठल्या गावची बाई टाका तिरका घालते, कुठली उभा, हे बघत बसले की चहा गार होऊन जायचा. पाव्हण्याला निजायला जागा नाही, वाकळींना मात्र मधली अख्खी खोली. आता बोला!

त्यांच्या मनात भरली होती बिलोलीजवळच्या विठाबाईंची वाकळ. इरकली काठांची चौकट, मधे खणाचे तुकडे, आणि टाके मुंग्यांच्या रांगेसारखे. विठाबाईंनी विकायला साफ नकार दिला. त्यांच्या घरात जन्मलेलं प्रत्येक लेकरू पहिल्यांदा त्या वाकळीवर निजायचं, आणि नात ऋतुजा पोटुशी होती. "लातूरच्या प्रदर्शनापुरती न्या अप्पा, पर बाळंतपणाच्या आत माघारी पायजे बगा," म्हातारी म्हणाली. अप्पांनी गळ्यातल्या इष्टलिंगाला हात लावून कबूल केलं.

प्रदर्शनात लोकांनी वाकळ लई नावाजली. घरी आणून अप्पा घडी घालत होते, तर एका कोपऱ्यात बोटाला टणक गाठ लागली.  कसरीची कीड लागली असेल तर? खोलीतल्या सगळ्या वाकळी जायच्या! त्यांनी हलक्या हातानं कोपरा उसवला. आतून वाळून काळाठिक्कर पडलेला तुकडा निघाला. अप्पांनी नाक मुरडून तो अंगणात भिरकावला आणि कावळ्यानं उचलून नेलासुद्धा.

रेणुकाबाईंनी दारातून बघितलं आणि कपाळावर हात मारला. "आवं, काय करून बसलात हे! ते वाकळीचं पोट हाय. शिवून झाली की शेवटच्या कोपऱ्यात पुरणपोळीचा घास घालतेत. उपाशी वाकळ कुणाच्या अंगाखाली घालीत न्हाईत."

"मग आधी नको सांगायला?"

"तुमी कवा इचारलात?"

 अप्पांनी सगळ्या जन्मात टाके बघितले, काठ बघितले, आत काय असतं हे एका बाईला म्हणून विचारलं नव्हतं. आणि संकट एकटं येतंय होय? फोन वाजला. विठाबाईंचा मुलगा भारत बोलत होता. "अप्पा, आमच्या ऋतुजाला मुलगी झाली. दिवस भरायच्या आधीच झाली, जरा अशक्त हाय. उद्या दवाखान्यातून घरी आणायलोत. वाकळ घेऊन या."

अशक्त लेकरू आणि उपाशी वाकळ!  रेणुकाबाई म्हणाल्या, "पोळी करते, घास घालते, शिवून देते. कुणाच्या बापाला कळतंय?" अप्पांना घडीभर बरं वाटलं. मग मान हलवून म्हणाले, "न्हाई. त्या लेकराला उद्या काय झालं तर मी कुणाला तोंड दाखवू?"

दुसऱ्या दिवशी, एकटे गेले तर आणखी घोळ घालतील म्हणून रेणुकाबाईही एसटीत बसल्या. विठाबाई ओसरीवर वाटच बघत होत्या. त्यांनी पुढं केलेला पाण्याचा तांब्या अप्पांनी तसाच खाली ठेवला आणि एका दमात सगळं सांगून टाकलं.  म्हातारीनं वाकळ जवळ ओढून कोपरा चाचपला, रिकामाच लागला.

"काडलात? खरंच काडलात?"

"चुकलं, आक्का."

"चुकलं कशाचं! सुटले बाई मी!" विठाबाईंनी दोन्ही हात जोडले. "दर लेकराच्या वक्ताला शिळा घास काडून ताजा घालावा लागतोय आमच्यात. ह्या कोपऱ्याचा दोरा ऋतुजा जल्मली तवा मीच घातलेला, मेण लावून घट्ट. आता मला डोळ्यानं दिसंना, आन सून म्हणती कात्रीनं कापू. काठ कापला म्हंजे? कोण उसवील म्हणून घोर लागला होता जिवाला. तुमाला सांगायचंबी ध्यानात ऱ्हायलं न्हाई."

 अप्पांना हसावं का रडावं कळेना, मग रडलेच, बायकामाणसांच्या देखत. रेणुकाबाईंनी तोंडाला पदर लावला, पण हसू काही लपलं नाही.

घरात ताजी पुरणपोळी तयारच होती. विठाबाईंनी घास घातला, रेणुकाबाईंनी कोपरा शिवला. ऋतुजानं मुठीएवढ्या तोंडाची ती पोरगी वाकळीवर निजवली. सगळे वाकून बघतात तोवर पोरीनं थेट इरकली काठावर धार सोडली.

भारत ओशाळून तिला उचलायला धावला. "अप्पा, तुमच्या आवडीची वाकळ..."

"ऱ्हाऊ दे रे!" अप्पा ओरडले. "कोण म्हणतंय अशक्त? धार बघ की पोरीची!"