एका बाकाचा वर्ग

भिकन केदारे आमच्या कॉलेजात आठ वर्षं तत्त्वज्ञान शिकवत होता, आणि आठही वर्षं तो तात्पुरता होता. पंचाहत्तरच्या जूनमध्ये लागला. दर एप्रिलअखेर संस्था त्याला कामावरून कमी करायची आणि दर जूनमध्ये पुन्हा नेमायची. मध्ये हा खंड पाडला नाही तर माणूस कायम होतो, आणि कायम झाला की तोंड उघडतो, अशी संस्थेला धास्ती असावी. मी अर्थशास्त्राचा, आणि कायम. म्हणून हे बोलतो आहे.

नोकरीवरून काढण्याला आपल्याकडे नारळ देणं म्हणतात. आमच्या कॉलेजात तो खरोखरचा देत. पहिल्या एप्रिलला स्टाफरूममध्ये चहा, चिवडा, गुलाबाचं फूल, नारळ आणि उपप्राचार्यांचं लांबलचक भाषण झालं. केदारे सगळ्यांचा निरोप घेऊन गेला. जूनमध्ये तो पुन्हा दारात उभा राहिला तेव्हा सगळे हसले, तोही हसला. दुसऱ्या वर्षी चिवडा गेला. पुढे चहाही गेला. "केदारे जातोय कुठे? जूनमध्ये येतोयच," असं म्हणून मंडळी आपापल्या घरी जायची. तोही दारातून "येतो जूनमध्ये" म्हणायचा, आणि दोन महिने बिनपगारी काढायला निघून जायचा.

वेळापत्रकात आमची आद्याक्षरं असत. त्याच्या तासांपुढे नुसती रेघ असे, कारण वेळापत्रक लागायचं तेव्हा त्याची नेमणूक झालेली नसायची. स्टाफरूममधले कप्पेही कायम लोकांचे. त्याचे खडू, डस्टर, पुस्तकं सगळं खांद्यावरच्या शबनम पिशवीत. मला त्या पिशवीचा फार राग यायचा. प्राध्यापक आहे की फेरीवाला, असं वाटायचं.

पंचवटीत भाजीबाजाराच्या मागच्या बोळात त्याची खोली होती. खोली शोधताना आडनाव ऐकून दोन-तीन घरमालकांना एकाएकी पाहुणे येणार असल्याचं आठवलं होतं. शकुबाई नावाच्या भाजीवालीनं आडनाव नाही विचारलं, तिनं वेगळंच विचारलं. "नोकरी कायम हाय का?" त्यानं खरं सांगितलं. तरी तिनं खोली दिली, हा तिचा मोठेपणा. निफाडकडच्या गावी आई होती, आक्काबाई. ती दर सुट्टीत विचारायची, "भिकन, आवंदा तरी झाला का कायम?" मुलीकडचे लोक यायचे, मुलगा एम. ए. म्हणून खूश व्हायचे आणि कायम नाही कळलं की "बघू मग" म्हणून चहा पिऊन जायचे. केदारेचं सगळं आयुष्य त्या एका शब्दापाशी अडून बसलं होतं. लग्न, आईला शहरात आणणं, अगदी दुसरी खुर्ची घेणंसुद्धा. त्याच्या खोलीत एकच खुर्ची होती. कायम झालो की बघू, म्हणायचा.

ब्याऐंशी साली नवे प्राचार्य आले. त्यांनी त्याला बोलावून सांगितलं, "सलग दोन वर्षं टी. वाय.चा स्पेशल वर्ग चालवून दाखवा. तुमचा कायम करायचा प्रस्ताव मी स्वतः मांडतो. एक विद्यार्थी असला तरी चालेल. पण केदारे, शून्यावर वर्ग चालत नाही."

पहिल्या वर्षी असा एक विद्यार्थी होता. सोमा भोये, हरसूलकडच्या पाड्यावरचा. उंच, अबोल, कॉलेजातल्या इतर पोरांपेक्षा वयानं थोराड. तत्त्वज्ञान का घेतलं, तर प्रवेशाच्या वेळी त्या खिडकीपुढे रांगच नव्हती, असं मी चेष्टेनं म्हणायचो. पण पोरगा हुशार निघाला. रोज बाराचा तास. एवढ्या मोठ्या वर्गात पुढच्या बाकावर एकटा सोमा, आणि समोर केदारे त्याला "तर मित्रहो" म्हणून शिकवतोय.

सोमा भाताच्या आवणीला, रोपं लावायला, घरी गेला होता तेव्हाची गोष्ट. मी त्या वर्गावरून चाललो होतो. केदारे सोमाच्या बाकावर बसून कोऱ्या फळ्याकडे बघत होता.

"अहो, विद्यार्थी नाही तर चला, चहा घेऊ," मी म्हणालो.

"नको देवरे. तास झाला नाही असं व्हायला नको. सुपरवायझर फिरतात."

पूर्ण तास तो तिथं बसून राहिला. मला त्याची दया आली आणि संतापही आला. निदान झोप तरी काढायची!

त्याला बोलायला दुसरं कोण होतं? आम्ही सगळे घरी पळणारे. तास संपल्यावर तो सोमाशीच बोलत बसायचा. आईचं, मुली बघण्याचं, प्राचार्यांच्या शब्दाचं, सगळं त्यानं सोमाला सांगितलं. पुढच्या वर्षाची अडचणही सांगितली. कारण एस. वाय.ला त्या वर्षी तत्त्वज्ञान कोणी घेतलंच नव्हतं. केदारे जूनमध्ये प्रवेशाच्या खिडकीशी उभा राहून पोरांना गळ घालत होता, तरी सगळी पोरं इतिहासाकडे गेली. इतिहासाची गाइडं बाजारात मिळतात. म्हणजे सोमा पास झाला की वर्ग शून्यावर.

"तू मात्र फर्स्ट क्लास काढ," एवढं तो प्रत्येक वेळी शेवटी म्हणायचा.

एप्रिलमध्ये परीक्षा झाली. केदारे "येतो जूनमध्ये" म्हणून गेला. जूनमध्ये निकाल लागला. सोमा नापास.

केदारेचा विश्वास बसेना. विद्यापीठात काहीतरी घोटाळा झाला असणार, आपण पुण्याला जाऊ, पेपर पुन्हा तपासायला लावू, असं तो स्टाफरूममध्ये तावातावानं बोलत होता. तेवढ्यात सोमा दारात आला. आत यायला लाजत होता, पण चेहरा असा फुललेला, जसा काही पहिलाच आलाय.

"सर, पुण्याला नका जाऊ. मी एक पेपर लिहलाच नाय."

"म्हणजे?"

"नाव, नंबर टाकला आन् बसून राहलो. आता पुढल्या वर्षी मी हाये ना वर्गात. एक विद्यार्थी पुरं, असं तुमीच बोललेत."

केदारेनं त्याला हाताला धरून बाहेर व्हरांड्यात नेलं. मीही गेलो. केदारे रागावला नाही. अगदी तास घेतल्यासारखं हळूहळू समजावून सांगू लागला. ज्यानं टी. वाय.ची हजेरी भरली, तो नापास झाला तरी त्याला पुन्हा वर्गात घेत नाहीत. तो बाहेरून परीक्षा देतो. त्याचं नाव पटावर येत नाही. पटावर नाही तो वर्गाच्या मोजणीत नाही.

"म्हणजे मी नाय धरत?" सोमानं विचारलं.

"नाही रे."

सोमा व्हरांड्याच्या कठड्याला धरून खाली मैदानाकडे बघत राहिला. त्याच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. केदारे त्याच्या पाठीवरून हात फिरवत होता. आठ वर्षांत या कॉलेजात त्याच्यासाठी कोणी काही केलं असेल, तर ते एवढंच, आणि तेही फुकट गेलं. मला त्या क्षणी प्राचार्यांच्या खोलीत शिरून टेबल उलथून टाकावंसं वाटलं. मी तसं काही केलं नाही. कायम लोक करत नाहीत.

त्या जूनमध्ये केदारेची नेमणूक झाली नाही. वेळापत्रकातली रेघसुद्धा गेली.

तरी तो गावी गेला नाही. ऑक्टोबरच्या परीक्षेपर्यंत त्यानं पंचवटीतली खोली ठेवली. खोलीच्या भिंतीचा एक चौकोन शकुबाईला विचारून काळा रंगवला. सोमासाठी तिच्याकडून एक लोखंडी खुर्ची मागून आणली. एका शिकवणी वर्गात सकाळी पोरांना इंग्रजी शिकवायचा, आणि बारा वाजता सोमाचा तास. मी एकदा गेलो तर बाहेर भाजीवाल्यांचा आरडाओरडा आणि आत याचं "तर मित्रहो" चालू. इतका खूश मी त्याला कॉलेजात कधी पाहिला नव्हता.

डिसेंबरात निकाल आला. सोमा पास झाला. नव्या तांदळाची पिशवी घेऊन आला, सरांच्या पाया पडला आणि दुपारच्या एस. टी.नं हरसूलला गेला. दुसऱ्या दिवशी मी पेढे घेऊन गेलो. खोलीत एकच खुर्ची होती.

"शकुबाईंची परत केली," केदारे म्हणाला. "आता कोण बसणार?"

मग मी उभा आहे हे त्याच्या लक्षात आलं. घाईघाईनं त्यानं आपली खुर्ची मला दिली आणि स्वतः त्या काळ्या भिंतीशी उभा राहिला. बारा वाजत आले होते. सवयीनं त्यानं खडू उचलला, माझ्याकडे पाहिलं आणि परत ठेवला.

"प्राचार्यांचं बरोबर होतं, देवरे. शून्यावर वर्ग चालत नाही."

जानेवारीत तो गावी निघाला. गावच्या शाळेत कोणाच्या तरी रजेच्या जागेवर काम मिळालं होतं, तेही तात्पुरतं. कॉलेजात कोणाला पत्ता नव्हता. मी एक नारळ घेऊन स्टँडवर गेलो. त्यानं तो हसून शबनम पिशवीत टाकला. निफाडची गाडी हलली तेव्हा त्यानं खिडकीतून हात काढला आणि म्हणाला, "येतो जूनमध्ये."

आठ वर्षांची सवय. काय बोलून गेलो ते त्याला लगेच कळलं असावं. त्यानं हात आत घेतला आणि खिडकीची काच ओढून घेतली.