तापीवर शिडाखाली फिल्टर कॉफी

बोट विकायची की ठेवायची, हा वाद आमच्या घरात शेवटी पेलाभर कॉफीवर येऊन थांबला. म्हणून फेब्रुवारीच्या अखेरीस आम्ही बोट गाडीला जोडून शिरपूरला निघालो. ज्यांना शिडाच्या बोटीत बसून कॉफी करायची हौस आहे (जगात असे आपण तिघंचौघं तरी असूच), त्यांच्यासाठी हे लिहितोय.

आधी बोटीची ओळख. मी जळगावात मेहरूणला राहतो, पाइप-फिटिंगचं दुकान आहे. फायबर, प्लायवूड आणि बायकोची सहनशक्ती, एवढ्या सामग्रीवर मी अंगणात एक छोटी शिडाची बोट बांधली. रंग जांभळा, नाव ‘केळफूल’. ती उभी राहिली तेव्हापासून वैशालीची स्कूटर रस्त्यावर असते. मध्यंतरी पिंपळनेरकडे हॉटेल काढलेल्या एका गृहस्थांनी बोटीचा फोटो पाहिला आणि भाव चांगला देऊ केला. त्यांना ती तरंगवायची नव्हती. तिच्यात माती भरून सदाफुली लावायची आणि लोकांना पुढे उभं राहून फोटो काढू द्यायचे, असा बेत होता. ते ऐकल्यापासून मला जेवण गोड लागेना.

वैशाली म्हणजे माझी बायको. ती बँकेत आहे, पाच वर्षं कर्नाटकात हसनला बदलीवर होती, आणि तिकडून येताना स्टीलचा फिल्टर घेऊन आली. तेव्हापासून चहाला ती पेय मानत नाही. तिनं अट घातली, “चालत्या बोटीत मला माझी कॉफी हवी. नांगर टाकून केलेली चालणार नाही, तशी तर मी बँकेतही पिते. जमली तर बोट राहील. नाहीतर पिंपळनेर.”

मी लगेच हो म्हटलं. मला अशा अटी फार आवडतात, कारण त्यांच्यासाठी काहीतरी बनवावं लागतं. पाळण्याच्या चार कड्या आणि साखळ्या आणल्या, स्टीलची बादली टांगली, तिच्यात छोटा गॅस बसवला. बोट कितीही डुलली तरी बादली आपली सरळ, वारा आत शिरत नाही, आणि फिल्टरलाही शेजारी तसाच एक झोका. घरात पंख्याच्या हुकाला हे सगळं लटकवून मी आठवडाभर झोके दिले. वैशाली बाजूनं जाताना म्हणायची, “बाळ झोपलं का?”

रस्त्याचं सांगतो. जळगावहून शिरपूरला चोपड्यावरून जवळ पडतं, पण मागे बोट असेल तर पारोळा-धुळे असा मोठा रस्ता धरा. लांब आहे, टोल आहेत, पण बोटीचे सांधे शाबूत राहतात. पारोळ्याच्या पुढे एका ढाब्यावर शेवभाजी खाल्ली. तर्री अशी की दोन घास झाल्यावर कानातून वाफ निघावी. दोघांचं पोट भरून तीनशेच्या आत बिल आलं. प्रत्येक टोलवर आणि प्रत्येक पंपावर एकच प्रश्न, “ही पाण्यात चालते का?” मी दर वेळी गाडी बाजूला घेऊन उत्तर द्यायचो, त्यामुळे शिरपूरला पोचायला संध्याकाळ झाली. लॉज साधा, स्वच्छ, हजाराच्या आसपास, आणि मुख्य म्हणजे बोट लावायला मोकळं पटांगण.

तिथं सामान उघडलं. भाजलेल्या बिया होत्या, खास चिकमगळूरहून मागवलेल्या. हाताची चक्की मात्र जळगावला ओट्यावर राहिली होती. वैशाली अंघोळीला गेली होती. मी बियांची पिशवी काखोटीला मारली आणि “आलोच” म्हणून सटकलो.

आता सांगा, खान्देशातल्या माणसाला काहीही दळायचं असेल तर तो कुठे जाईल? बरोबर. लॉजच्या मागच्या गल्लीत मसाल्याची गिरणी होती. मिरच्या वाळवून वर्षाचं तिखट करायचे दिवस, गिरणीबाहेर लाल पिशव्यांची रांग. गिरणीवरच्या अक्कांनी माझ्या बिया तळहातावर घेतल्या.

“हाई काय शे भाऊ? भुजेल चिंचोका शेतस का?”

“कॉफी आहे अक्का. गिरणी जरा साफ करून दळा.”

त्यांनी फडकं मारलं, मूठभर तांदूळ फिरवले, आणि मग बिया टाकल्या. मी पूड नाकाशी धरली. पण तोवर मला इतक्या शिंका आल्या होत्या की त्या घटकेला मला रॉकेलही वासानं ओळखता आलं नसतं. रंग झकास होता. मी खुशीत परतलो आणि तोंडातून अवाक्षर काढलं नाही.

सकाळी उजाडताच सावळद्याच्या पुलाकडून नदीवर गेलो. खाली बंधारा आहे, त्यामुळे तापी इथं रुंद आणि तुंबलेली असते. उतरण्याआधी परवानगीची चौकशी करा, लाइफ जॅकेट घाला आणि दूध बर्फाच्या डब्यात न्या. काठावर जाळं झटकत बसलेल्या एका आबांनी आमच्याकडे पाहिलं.

“कथा चालनात भाऊ?”

“कुठेच नाही आबा. पाण्यावर कॉफी करायला.”

त्यांनी वैशालीकडे काळजीनं पाहिलं. “कोणले ताप उना का?” गावाकडे कॉफी आजारी माणसाला देतात, नाहीतर उपासाला. वैशाली हसली, आणि मला तेवढ्यानंही हुरूप आला.

वारा पाठीमागून होता. शीड फुगलं आणि केळफूल सुटलं. पाण्याचा आवाज सोडला तर काही नाही, डावीकडे केळीच्या बागा, उजवीकडे लांबवर सातपुडा. मी वेड्यासारखा हसत होतो. एका हातात सुकाणू, दुसऱ्या हातानं पाणी उकळलं, फिल्टरमध्ये ओतलं, थेंब पडू दिले, दूध तापवलं. बादली माझ्या पोटच्या पोरासारखी गुणी निघाली, एक थेंब सांडला नाही. सुकाणू काखेत दाबून पेला-वाटीत फेस येईपर्यंत वरखाली केलं आणि पेला वैशालीच्या हातात दिला. बोट चालतीच होती.

तिनं घोट घेतला. तिच्या डोळ्यांत पाणी तरळलं. मला वाटलं, बाई भारावली.

मग तिनं कानापर्यंत लाल होत विचारलं, “अहो, ही दळली कुठे?”

मी तिच्या हातातला पेला घेतला आणि मोठा घोट मारला. त्यात कॉफी होती, दूध होतं आणि शिरपूरमधल्या कुण्या घरचं वर्षाचं तिखटही होतं. मी खोकत दोन्ही हातांनी गळा धरला. म्हणजे सुकाणू सोडलं. बोट वळली, वारा दुसऱ्या बाजूनं आला, शिडाचा खालचा दांडा कडाडत फिरला आणि माझ्या टोपीसकट पलीकडे गेला. डोकं वाचलं, कारण वैशालीनं मला कॉलर धरून खाली ओढलं होतं.

मी डोळे पुसून पाहिलं तर सुकाणू तिच्या हातात होतं. बोटीला तिनं आजवर बोट लावलं नव्हतं. दुसऱ्या हातानं तिनं शिडाचा दोर ओढून धरला होता, डोळ्यांतून धार लागलेली, आणि बोट सरळ चालली होती.

“आता?” ती ओरडली.

“थोडा ढील दे. हां, तशीच.”

“इकडे वळवली तर?”

“वळव की.”

तिनं वळवली. परत वळवली. मी दोनदा सुकाणू मागितलं, तिनं ऐकलंच नाही. उन्हं चढेपर्यंत ती तापीवर येरझाऱ्या घालत होती आणि मी बादली घासत बसलो होतो. मला इतका आनंद झाला होता की हरलोय हे विसरलो होतो.

काठाला लागलो तेव्हा आबा म्हणाले, “तोंड लाल शे बठ्ठं. बसा, मी चहा ठेवस.” वैशाली दोन कप चहा प्यायली. साक्षीदार म्हणून मी हजर होतो.

परतीच्या वाटेवर मात्र माझं मन खट्टू झालं. अट म्हणजे अट. बादलीचा झोका जमला, वाऱ्यात गॅस टिकला, आणि एवढं होऊन मी मसाल्याच्या गिरणीत पाय घसरून पडलो. बोटीत कॉफी करणाऱ्यांनी चक्की विसरू नये, एवढाच उपदेश माझ्याकडे शिल्लक आहे. आणि सदाफुली मला आता कुणाच्याच दारात बघवत नाही.

घरी आलो. दोर ओढून वैशालीचे तळवे सोलवटले होते, ती खुर्चीत बसून त्यांना तूप चोळत होती. तेवढ्यात पिंपळनेरच्या गृहस्थांचा फोन आला. मी तो स्पीकरवर टाकून तिच्यापुढे धरला. अट माझ्याकडून पुरी झाली नव्हती, निकाल तिनं द्यायचा होता.

“ताई, गाडी पाठवू का बोट न्यायला?”

“नको भाऊ,” ती म्हणाली. “तिच्यावर आमची कॉफी अजून जमायची आहे.”

“मग केव्हा पाठवू?”

तिनं तळव्यावर आणखी थोडं तूप घेतलं.

“वर्षं लागतील. आमचे हे जरा हळू शिकतात.”