सुरूच्या बुंध्यावरचा कंदील

भूमितीची समज माणसाला उपजत असते की ती शिकावी लागते, असा वाद घरात रंगला की मी उठून आत जाते. मला एक संध्याकाळ आठवते.

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. रत्नागिरीजवळच्या आमच्या गावी खाडीच्या तोंडाशी खडक होते. किनाऱ्यावरचं सुरूचं झाड आणि मागच्या टेकडीवरचं देऊळ एका रेषेत धरूनच होडी आत घ्यायची. झाड देवळाच्या जरा डावीउजवीकडे सरकलेलं दिसलं की खाली खडक. बाबांना हे आजोबांनी शिकवलं होतं. आईला शिकवणार कोण? बायकांना होडीत कुणी घेतच नसे.

एका दुपारी गावकऱ्यांनी शाळेच्या छपरासाठी ते झाड तोडलं. ज्यांना विचारायचं ते सगळे समुद्रावर. आमच्या गावाची रीतच ती, आधी कुऱ्हाड, मग विचार. बाकीच्या होड्या उजेड होता तोवर चाचपडत आत आल्या. बाबांची तेवढी राहिली.

अंधारू लागलं तशी त्यांची होडी खडकांच्या बाहेर घुटमळताना दिसली. वारा वाढत होता. लोक कंदील, बॅटऱ्या घेऊन किनाऱ्यावर धावले आणि ज्याला जिथं जागा मिळाली तिथून हलवू लागले. आई ओरडली, "विझवा ते सगळे." मग आमचा कंदील घेऊन ती तुटक्या बुंध्यावर चढली आणि देवळातल्या दिव्याकडे पाठ करून उभी राहिली.

"आये, त्यांना कळंल?"

"गप ऱ्हा."

तिच्या हातातला कंदील म्हणजे झाड, हे बाबांनी कशावरून ओळखायचं? दोघांत याबद्दल कधी अवाक्षरही निघालं नव्हतं. होडी आडवी गेली, थांबली. पुन्हा आडवी गेली. मला वाटलं, आता आपटते. तेवढ्यात ती वळली आणि सरळ आमच्या दिशेनं येऊ लागली.

बाबा पाण्यातून वर आले तरी आईच्या हातून कंदील सुटेना. त्यांनीच तिची बोटं सोडवली.

"तुला ह्या कोणी शिकवलान?" त्यांनी विचारलं.

आई म्हणाली, "लगीन झाल्यापासून रोज सांजच्याला हितं उभी राहून मी काय बघत आसतंय, असा वाटला तुम्हाला?"