मेव्हण्याचा पिक्चर आणि माझी पाठ

मेलेल्या माणसांना शिस्त लावणारा माझ्या मेव्हण्यासारखा माणूस अख्ख्या पुण्यात दुसरा सापडायचा नाही. माझ्या बायकोचा हा धाकटा भाऊ. लष्करातून हवालदार म्हणून सुटला आणि विश्रांतवाडीला घर करून राहिला. चहा सहाला म्हणजे सहाला. दोन मिनिटं उशीर झाला तरी प्यायचा, पण उभ्याने, निषेध म्हणून. पुढे खराडीकडे एका कॉम्प्युटर कंपनीची इमारत उठत होती, तिथं तो वॉचमन लागला आणि ते अर्धवट, अंधारे जिने बघून त्याच्या डोक्यात पिक्चर शिरला. लढाईवरून परत आलेला फौजी, त्याची जमीन बिल्डरने गिळलेली, वर त्याचा खूनही केलेला. मग त्याचं भूत एकेका गुंडाला जिन्यात गाठून सूड घेतं. फौजी अर्थात तो स्वतः. कॅमेरा लग्नाचं शूटिंग करणाऱ्याचा, रक्त बिटाचं, आणि गुंड म्हणजे मार्केट यार्डात माझ्याबरोबर पोती वाहणारे सहा हमाल. ते मरायला राजी होते, पण पडताना आधी हात टेकायचे, मग कंबर सांभाळत अलगद आडवे व्हायचे. एकदा एका मुडद्याने मांडी खाजवली, तर मेव्हण्याने त्याला उठवून इमारतीला तीन चकरा मारायला लावल्या.

फौजीच्या विधवेचं काम करायला कुणी बाई मिळेना, म्हणून आमच्या हिला उभी केली. कुंकू पूस म्हटल्यावर ही भावावर उखडली. म्हणाली, "नवरा समोर धडधाकट उभा आहे माझा. तुझ्या पिक्चरसाठी त्याला मारू का?" हवालदाराने जन्मात पहिल्यांदा माघार घेतली. सिमेंटच्या पोत्यावर बसून तिथल्या तिथं गोष्ट बदलली. फौजी जिवंत, बायको मेलेली, आणि सूड घ्या म्हणून तिचं भूत येणार. आता दुसरीच पंचाईत. सख्ख्या बहिणीचा नवरा व्हायचं कसं? कानापर्यंत लाल झाला गडी. शेवटी ठरलं, तोंड त्याचं आणि पाठ माझी. म्हणून त्या पिक्चरमध्ये फौजी बायकोसमोर आला, की पोती वाहून वाकलेला आणि वीतभर बुटका होतो. भुताच्या मानाने हिचा आवाज त्याला बारीक वाटला, तर तेही ह्यानेच मागाहून परेडच्या आवाजात बोलून टाकलं.

गच्चीवर चादर बांधून पिक्चर दाखवला. लोक पोट धरून हसले, आणि मेव्हणा शेवटपर्यंत सावधानमध्ये उभा. फक्त एका जागी बायका रडल्या. भूत समोर आल्यावर माझे खांदे गदगदतात, तिथं. मी कुणाला काही बोललो नाही.

ही जाऊन आता सात महिने झाले. घरात फोटो आहेत, पण फोटो हलत नाहीत. ही हलताना दिसेल अशी एवढी एकच कॅसेट, मेव्हण्याने तांदळाच्या डब्यात जपलेली. मला बघायची होती आणि मागायचा धीर होत नव्हता. परवा तो आपणहून आला, जुना व्हीसीआर काखेत मारून.

"दाजी, फीत पार सडलीय. एकदाच चालेल, मग तुटेल. लावू का?"

लाव म्हटलं.

पडद्यावर मुंग्या आल्या, पट्टे आले, मग ही आली. कपाळावर रुपयाएवढं कुंकू. तोंड उघडलं, तर हवालदार गरजला, माझ्या रक्ताचा सूड घ्या.

"आवाज बंद कर," मी म्हणालो. त्याने मुकाट्याने केला.

शूटिंगच्या दिवशी ही आपलं वाक्य विसरली होती. काय बोलली ते मला एकट्याला ठाऊक. आता ओठांवर एकेक शब्द दिसला. "अहो, पाठ सरळ करा की. सगळी दुनिया बघणार आहे ती."

आणि माझे खांदे हलायला लागले. बायका रडल्या ती हीच जागा. मी हसत होतो.

फीत कुरकुरली, पडदा निळा झाला. सहाचा चहा सव्वासहाला झाला, तरी मेव्हणा माझ्या शेजारी बसून प्याला. मी पाठ सरळ करून बसलो होतो.