अण्णांचा तराजू आणि उजवीकडचं घर

लोणंदहून सकाळी निघालो तेव्हा गाडी लंगडतच होती. जुनी दोन सिलिंडरची मोटारसायकल, तिला दोन कार्बोरेटर, आणि दोघांचं आपसांत पटत नव्हतं. उजवा ठोका दणकट, डावा त्याच्यामागे फरफटत येणारा. वर्षापूर्वी पुण्याला, कसबा पेठेतल्या दामूअण्णांकडून बसवून (ट्यून करून) आणली, त्या दिवसापासून हे असंच. आधी मी पेट्रोलला नावं ठेवली, मग प्लगला. अण्णांवर संशय घ्यायचं मनातही आलं नाही. वीस वर्षं हा माणूस माझी गाडी नुसत्या कानाने बसवतोय.

सासवडला मिसळ खाल्ली. तर्री (वरून ओततात तो तिखट रस्सा) मी मागितली नव्हती, तरी पोऱ्या नको म्हणेपर्यंत ओतून मोकळा झाला. नाक पुसत दिवे घाटाच्या माथ्यावर आलो, गाडी बंद केली आणि धुरकटलेलं पुणं बघत उभा राहिलो.

इंजिन बंद होतं, तरी ठोका ऐकू येत होता. तोच. एक दणकट, एक फरफटणारा. मी सायलेन्सरवर हात ठेवून पाहिला आणि भाजून घेतला. अंगावर काटा आला तो त्या चटक्याने नव्हे.

मग वळणावरून माझ्यासारखीच एक गाडी वर आली. उजव्या बाजूने काळा धूर सोडत. वर तिशीच्या आतला मुलगा. त्याने कौतुकाने गाडी शेजारी लावली.

"काका, सेम मॉडेल," तो म्हणाला.

"कुठे बसवून घेतली?"

"कसब्यात एक अण्णा आहेत ना, त्यांच्याकडे. लास्ट मंथ. तेव्हापासून जरा विअर्ड चालतेय. म्हणून हिंजवडीच्या ट्रॅफिकमध्ये नेतच नाही हिला."

"अण्णांना सांगितलंत?"

"त्यांना काय सांगणार, काका. लेजंड आहेत ते."

हडपसरच्या गर्दीत मागून पुन्हा तसाच ठोका आला. या वेळी मी वळून पाहिलं नाही. खरं सांगायचं तर धीर झाला नाही.

कसब्यात पोचलो तेव्हा दुपारचा एक वाजला होता. दुकानांची शटर्स खाली येत होती आणि अण्णा आपलं वर करत होते. त्यांची ही पद्धत जुनीच. राहतात नारायण पेठेत. गल्ली झोपली की यायचं, एक ते चार काम करायचं आणि ती जागी व्हायच्या आत घरी जायचं. कारण कानाला शांतता लागते. बघता बघता गल्ली रिकामी झाली. लख्ख ऊन, लावलेली दारं, माणूस नाही.

"या. वर्षाने आठवण झाली म्हणायची," अण्णा म्हणाले. "यंदा शांतता फार छान आहे बघा. उजवीकडचं बिऱ्हाड गेलं. वर्ष झालं, हूं नाही का चूं नाही."

तेवढ्यात उजवीकडच्या खिडकीतून कुकरची शिट्टी झाली. पाठोपाठ बांगड्या वाजल्या आणि कुणीतरी बाई हसली. पडदा लावलेला होता.

मी अण्णांकडे पाहिलं. त्यांचा चेहरा हलला नव्हता.

"अण्णा, शिट्टी..."

"कसली?" त्यांनी शांतपणे विचारलं. भर दुपारी माझ्या पाठीवरून गार घाम उतरला.

अण्णांनी तराजू काढला. तराजू म्हणजे फळीवर यू आकारात ठोकलेली पारदर्शक नळी, आत निम्मं तेल. तिची दोन टोकं दोन कार्बोरेटरांना जोडायची. हवेची ओढ सारखी असेल तर तेल दोन्हीकडे समान राहतं. हा त्यांनीच बनवलेला, पण 'ज्यांना कान नाहीत त्यांच्या समाधानासाठी.' स्वतःसाठी त्यांच्याकडे दोन रबरी नळ्या होत्या. उजव्या कार्बोरेटरच्या तोंडाची नळी उजव्या कानात, डाव्याची डाव्या कानात. इंजिन सुरू करून त्यांनी डोळे मिटले आणि उजवा स्क्रू फिरवू लागले.

फळीवरचं तेल डावीकडे चढायला लागलं. एक बोट, दोन बोटं, चार.

"झालं. दोन्ही समान," अण्णा डोळे न उघडता म्हणाले.

"अण्णा, जरा तेल बघता?"

"नळीत हवा शिरली असेल."

हवा शिरली नव्हती. बघता बघता मला सगळं कळलं आणि भीतीची जागा त्याहून वाईट गोष्टीने घेतली. सांगितलं तर या माणसाकडे उरतं काय? आणि नाही सांगितलं तर आणखी किती गाड्या अशा घाट चढणार?

"अण्णा, नळ्यांची अदलाबदल करून बघा. उजवी डाव्या कानात."

"वेडेपणा आहे," म्हणत त्यांनी केली.

त्यांचे डोळे उघडले. उजव्या कानात फारसं काही येत नसावं; डावा कार्बोरेटर चालू आहे की नाही, हे त्यांनी त्याच्या तोंडाशी तळवा धरून पाहिलं. चालू होता. त्यांनी इंजिन बंद केलं, दोन्ही नळ्या काढून मांडीवर ठेवल्या. उजवीकडून पुन्हा शिट्टी झाली. या वेळी अण्णांनी हळूच मान वळवून डावा कान खिडकीकडे केला.

"शेजारच्या वहिनी आहेत की घरात," ते म्हणाले. मग नळ्या गुंडाळत, "गाडी कधीपासून लंगडतेय?"

"वर्ष झालं."

"आणि आपण आज सांगताय."



पुढचं काम त्यांनी तराजूवर केलं. नळ्या कानाला लावल्या नाहीत. तेल दोन्हीकडे एका रेषेत येईपर्यंत नजर तिथून हलवली नाही. मग दुकानातल्या काळ्या फळ्यावर खडूने सुवाच्य अक्षरात लिहिलं: 'गेल्या वर्षभरात येथे गाडी बसवून घेतलेल्यांनी ती परत आणावी. चूक आमची आहे. वेळ १ ते ४.' पुण्यात मी हरतऱ्हेच्या पाट्या वाचल्या आहेत. चूक कबूल करणारी ही पहिलीच. ती त्यांनी बाहेर टांगली, सरळ केली आणि लांबून एकदा वाचून पाहिली.

परतताना गाडी इतकी समान चालली की खाली इंजिन आहे की नाही असं वाटावं. मला आनंद झाला नाही. एखाद्या बाजूची माणसं आपल्यापुरती नाहीशी होतात, आपण त्याला शांतता म्हणतो, आणि आजूबाजूचे सगळे आदराने गप्प राहतात. हे घरी येईपर्यंत डोक्यातून गेलं नाही.

रात्री जेवताना बायकोला सगळं सांगितलं. तिचा हात भाताच्या डावावर थांबला.

"तुम्हीसुद्धा दिवाळीपासून टीव्ही फार मोठ्याने लावता," ती म्हणाली. "वाईट वाटेल म्हणून मी बोलले नाही."