वाढलेल्या साखरेनं नेलेली लेक

"ठोके लागत नाहीत," सोनोग्राफी करणाऱ्या डॉक्टर हळू म्हणाल्या. मला आठवा महिना होता. आदल्या दिवसापासून बाळ हललं नव्हतं.

मुलगी होती. ती गेल्यानंतर रक्ताचे रिपोर्ट आले आणि माझा आजार कळला. जेस्टेशनल डायबेटिस, म्हणजे गरोदरपणात होणारा मधुमेह. सुरुवातीचा रिपोर्ट नॉर्मल होता, म्हणून पुढे कोणी साखर तपासलीच नव्हती.

"बाळ जाण्याचं कारण बहुतेक हेच," डॉक्टर म्हणाल्या. "यात तुमचा दोष नाही."

मी रत्नागिरीत शाळेत शिकवते. रजा होती, पण करायला काही नव्हतं. छाती दुधाने तटतटायची. मी मोरीत जाऊन रडायचे.

सासूबाईंना मी आईच म्हणते. त्या मंडणगडजवळच्या गावाहून सातव्या महिन्यातच आल्या होत्या. मला अन्न पचत नव्हतं, म्हणून त्या प्रेमाने पांढऱ्या तांदळाचा मऊ भात भरवायच्या. आता त्या स्वयंपाकघरात नुसत्या बसून असत. एकदा म्हणाल्या, "माझ्या हातचा भातच नडला काय गो?"

पुढच्या तपासणीला मी त्यांना बरोबर नेलं.

बाळंतपणानंतरही माझी साखर पुरती उतरली नव्हती. डॉक्टरांनी आईंकडे बघून समजावलं, "भातात स्टार्च असतो, म्हणजे पिष्ट. मऊ पांढऱ्या भाताचं पिष्ट झटकन पचतं, साखर एकदम चढते. उकडा तांदूळ, कुळीथ सावकाश पचतात. भात बंद करू नका, थोडाच वाढा. पण आजी, तुमच्या भाताने हा आजार झाला नाही. वेळेत तपासणी व्हायला हवी होती."

आई तिथेच रडल्या.

त्यांनी गावाहून साळी उकडून सडलेला उकडा तांदूळ मागवला. ताटात भात मूठभर, कुळथाची पिठी आणि भाजी जास्त. दोघी तेच जेवायचो. माझी साखर हळूहळू ताळ्यावर आली. पोर काही परत आली नाही.

गावी गेल्यावर आई वाडीतल्या प्रत्येक पोटुशीला विचारू लागल्या, "साखर बघितलीस काय? परत बघ." शेजारच्या सुनेची वाढलेली निघाली. वेळेत कळल्याने उपचार झाले, मुलगी सुखरूप जन्मली.

बारशाला मला जाववलं नाही. आई गेल्या. त्यांनीच पाळणा म्हटला, असं फोनवर गावची शेजारीण सांगत होती. तेव्हा मी खूप रडले, आणि बऱ्याच दिवसांनी मला गाढ झोप लागली.