धाकलीबायची खोपटी

धाकलीबायला उभा खांब दिसला की ती आधी त्याला धरून हलवायची. लग्नाचा मांडव असो नाहीतर आमच्या शाळेचं फाटक, दोन्ही हातांनी असा हिसका द्यायची की मांडव घालणाऱ्यांचा जीव खालीवर व्हायचा. "हलला तं खोटा," म्हणायची आणि पुढे जायची. शीवच्या कोळीवाड्यात मी तिच्या शेजारची खोली भाड्याने घेतली, तेव्हा तिने माझ्या दाराची चौकटही हलवून बघितली. मग म्हणाली, "मास्तरीण, बोंबलाचा वास सोसंल ना? नाय तं आताच जा." मी मालवणची, मला वास सोसला.

नवरा खाडीत बुडून गेलेला, एकुलती मुलगी उरणला दिलेली. घरामागच्या मोकळ्या जागेत ती बोंबील, जवळा सुकवायची आणि पावसाळ्यात, होड्या बंद असताना, दादरच्या बाजारात विकायची. त्या चार महिन्यांच्या विक्रीवर तिचं वर्ष निघायचं. माल ठेवायला मात्र जागा नाही. सगळ्या टोपल्या घरात आणि ही बया ओट्यावर. त्यातून छपराला गळती लागून एका पावसात निम्मा माल भिजला आणि त्याला अळ्या पडल्या. तेव्हा तिने घरामागे खोपटी बांधायचं मनावर घेतलं.

हिवाळाभर ती बांबू जमवत होती. एकेक बांबू हलवून, वाजवून, वखारवाल्याशी भांडून आणलेला. वर घालायला रॉकेलचे डबे ठोकून सपाट केले होते. मी शाळेतून आले की ती मला ओढत मागे न्यायची आणि कुठे दार, कुठे फळी हे पायाने रेघा मारून दाखवायची. एवढी खोपटी उभी राहिली की मरेपर्यंत कुणाच्या दारात जायला नको, असं तिचं म्हणणं. इतकी हौस मी नव्या नवरीच्या तोंडावरही पाहिली नाही.

ते संयुक्त महाराष्ट्राचे दिवस. मोर्चा ठरला आणि गावकीने हुकूम काढला, घरटी एक माणूस. गावकीचा शब्द मोडायचा नाही ही कोळीवाड्याची जुनी रीत. मयताला असो, लग्नाला असो, प्रत्येक घरातून कुणीतरी पुरुष उभा राहायलाच हवा. धाकलीबायच्या घरात पुरुष कुठला? ती म्हणाली, मी येते. गावकीचे पाटील म्हणाले, बाईमाणूस मोजणीत धरत नाहीत. मग तिच्या भावाचा मुलगा नारण, जो मोर्चाच्या तयारीत सगळ्यांत पुढे होता, त्याने तोड काढली. आत्याच्या घरचा माणूस नाही, तर झेंड्यांना तिचे बांबू घ्या. मोर्चा झाला की परत आणून देतो, पाऊस यायच्या आत. तिने एकदाच विचारलं, "नक्की ना रं?" आणि मग स्वतःच्या हातांनी बांबू काढून दिले.

मोर्चाला मीही गेले होते. मुंबईसह महाराष्ट्र मलाही हवाच होता, त्याबद्दल कुणी मला शिकवू नये. लाठ्या पडल्या, माणसं वाट फुटेल तिकडे पळाली, नारणचं डोकं फुटलं. झेंडे, बांबू सगळे रस्त्यावर राहिले.

नारणची जखम भरेपर्यंत धाकलीबाय त्याला रोज कालवण नेऊन देत राहिली. मग हळूच बांबूंचं विचारलं. तो म्हणाला, बघतो. पुन्हा विचारलं तर चिडला. शेवटी ती गावकीपुढे गेली. पाटील सगळ्यांदेखत म्हणाले, "लोकांची पोरं रक्तानं न्हाली, आणि तू बांबू मागतेस?" खाली माना घालून बसलेल्यांपैकी एकालाही वाटलं नाही की चार घरांतून चार बांबू गोळा करावेत. मेल्यांनी शरमेचा मक्ता तेवढा तिच्याकडे दिला.

पाऊस कुणासाठी थांबत नाही. गळक्या घरात गोणपाटाखाली झाकलेला माल आठवड्यात काळा पडला. टोपल्या डोक्यावर घेऊन ती खाडीवर गेली आणि एकेक ओतून आली. त्यानंतर दादरच्या बाजारात, जिथे तिची स्वतःची बसायची जागा होती, तिथे ती दुसऱ्या बायकांच्या पाट्या वाहू लागली.

पुढे राज्य झालं. कोळीवाड्यात दिवे लागले, पेढे वाटले. मोठी सभा भरली आणि ज्या घरांनी माणूस दिला त्या घरांची नावं नारणने मोठ्याने पुकारली. प्रत्येक नावाला टाळ्या. धाकलीबाय ठेवणीतलं लुगडं नेसून पुढे बसली होती. नावं संपली तेव्हा ती उभी राहिली आणि म्हणाली, "नारण, माज्या घरचं बांबू गेलं व्हतं." सभा हसली. नारणही हसला, म्हणाला, आते, बस खाली.

त्याच वर्षी, पावसाळ्याआधी, ती घर विकून मुलीकडे उरणला निघाली. जावयाच्या दारात राहायची वेळ आली, हे तिने बोलून दाखवलं नाही. मी बोचकं उचलायला गेले तर तिने ते काढून घेतलं. मी म्हटलं, धाकलीबाय, तुझं नाव घ्यायला हवं होतं गं त्यांनी.

"पोरगा मेला असता तं घेतलं असतं," ती म्हणाली. "मना पोरगा नव्हता बाय. खोपटी व्हती."